शेतातून गेलं ते गोणीतून आलं

दोन एकर कोरडवाहू कपाशी आहे असं धरू. एकरी सात क्विंटल उतारा पडला, तर घरात चौदा क्विंटल कापूस येतो. जिनिंगमध्ये त्यातून साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि बाकी आठ-नऊ क्विंटल सरकी उरते. सरकी गाळली की शंभर किलोंमागे बारा-तेरा किलो तेल मिळतं. तेल आणि थोडी तूट वजा जाता सात क्विंटलांच्या वर पेंड राहते. विदर्भात तिला ढेप म्हणतात. आठ-दहा लिटर दूध देणाऱ्या गाईला रोज दोन किलो ढेप घातली, तर एवढी ढेप जवळजवळ वर्षभर पुरावी.

म्हणजे ज्या घरी दोन एकर कपाशी आणि दावणीला एक गाय आहे, त्या घराने ढेप विकत घ्यायचं कारण नाही. निदान कागदावर तरी नाही. प्रत्यक्षात तेच घर ढेपेच्या गोण्या आणतं, अनेकदा दुधाच्या बिलातून कापून घेण्याच्या बोलीवर. नोव्हेंबर-डिसेंबरात सगळ्यांचा कापूस एकदम बाजारात असताना शेतकऱ्याने तो विकलेला असतो आणि उन्हाळ्यात वैरण संपत आली की त्याच कापसातली सरकी तो पेंडीच्या रूपात परत घेतो. कापसाची बोली लावताना व्यापारी रुईबरोबर सरकीचाही दर धरतो, हे खरं. पण शेतकऱ्याला सरकीचा आकडा वेगळा दिसत नाही. परत घेताना मात्र त्यावर वाहतूक, गाळप, अडत, गोदाम आणि दुकानदाराचा नफा चढलेला असतो. सरकी पेंडीचे वायदेसुद्धा होतात आणि त्या वायद्याचं मुख्य केंद्र अकोला आहे. अकोल्यापासून वीस किलोमीटरवर कपाशी पिकवणाऱ्या माणसाच्या गव्हाणीतला खर्च अशा रीतीने मुंबईतल्या संगणकावर हलत असतो.

पिकावर प्रक्रिया केल्यावर जे उरतं त्यातून जनावरांचा खुराक करावा, हा विचार आज जगभर पर्यावरणाच्या भाषेत मांडला जातो. जमीन वाचते, कचरा कमी होतो, धान्य माणसासाठी राहतं. आपल्याकडे ही गोष्ट कुणाला नव्याने शिकवायला नको. कळणा, कोंडा, चुनी, पेंड, कुटार हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या आंबोणात जात आलं आहे. कोंड्याचा मांडा करणारी आपली माणसं आहेत. प्रश्न निराळा आहे. उरलेल्यातून खुराक होतो, पण तो कुणाच्या अंगणात होतो, कुणाच्या हिशेबात जमा होतो आणि त्यातलं काय परत मातीत जातं? ही व्यवस्था टिकेल की नाही, हे त्यावर ठरतं.

तुटवडा आणि खर्च

२०१९ च्या पशुगणनेत देशात गोवंश सुमारे १९.३ कोटी, म्हशी सुमारे ११ कोटी आणि शेळ्या सुमारे १५ कोटी होत्या. झाशीच्या भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात हिरव्या चाऱ्याची तूट ११ टक्क्यांच्या, कोरड्या चाऱ्याची २३ टक्क्यांच्या आणि खुराकाची जवळपास २९ टक्क्यांच्या आसपास आहे. सर्वांत मोठी तूट खुराकाची आहे, आणि पेंड, चुनी, कोंडा हाच खुराकाचा कणा.

दुधाच्या उत्पादनखर्चात साठ ते सत्तर टक्के वाटा जनावराच्या खाण्याचा असतो. गाईला शरीर राखण्यासाठी एक-दीड किलो आणि वर प्रत्येक लिटर दुधामागे चारशे ग्रॅम खुराक, असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हशीला लिटरमागे अर्धा किलो. खुराकाचा भाव किलोमागे पाच रुपयांनी वाढला की लिटरमागे दोन-अडीच रुपये गेले. २०२४ च्या सुरुवातीला गाईच्या दुधाचे दर कोसळले, तेव्हा राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. त्या वेळी दुधाच्या दरावर जेवढी चर्चा झाली, तेवढी पेंडीच्या दरावर झाली नाही. गोठ्याचं गणित मात्र दोन्ही बाजूंनी बिघडतं.

घाणा गावातून गेला

पूर्वी भुईमूग, करडई, जवस, तीळ गावच्या घाण्यावर गाळले जात. तेल घरात यायचं आणि पेंडही घरात यायची. घाण्याची मजुरी कधी पैशात, कधी पेंडीत दिली जाई. बैलघाण्याच्या पेंडीत सात-आठ टक्के किंवा त्याहूनही जास्त तेल राहायचं. गाळप म्हणून ते नुकसान होतं, पण जनावराला त्यातून ताकद मिळायची. पुढे एक्सपेलर आले, मग रासायनिक द्रावकाने तेल काढणारे मोठे कारखाने आले. त्यांच्या पेंडीत तेल एक टक्क्यापर्यंत खाली येतं. तेल जास्त मिळालं, पेंडीतल्या प्रथिनांचं प्रमाण वाढलं, आणि पेंड गावाबाहेर गेली.

सोयाबीनने हा बदल पुरा केला. विदर्भ-मराठवाड्यात गेल्या चार दशकांत या पिकाने ज्वारी, मूग, उडीद, भुईमूग यांची जागा घेतली. ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोलापूर-मंगळवेढ्याकडे मालदांडी टिकून आहे, ती धान्याइतकीच कडब्यासाठी. सोयाबीनमध्ये तेल अठरा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे साध्या घाण्याला ते परवडत नाही. कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात, म्हणून उष्णता दिल्याशिवाय तो कोंबड्यांना किंवा वासरांना घालता येत नाही. म्हणजे हे पीक कारखान्यात गेल्यावाचून गत्यंतर नाही. तिथे शंभर किलोंतून ऐंशी किलो पेंड निघते आणि तीत ४५ टक्क्यांहून अधिक प्रथिनं असतात. आपण याला तेलबिया म्हणतो, पण सोयाबीनचा भाव मुख्यतः पेंडीवर ठरतो. पेंड जाते कोंबड्यांकडे आणि परदेशी.

याचा अर्थ २०२१ मध्ये लातूरकरांना नीट कळला. ऑगस्टमध्ये तिथल्या बाजारात सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या घरात गेलं. कुक्कुटपालन उद्योगाने खाद्य महागल्याची ओरड केली आणि केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. नवं पीक खळ्यावर येईस्तोवर भाव जवळपास निम्म्यावर आले. पुढे मका आणि तांदळापासून इथेनॉल काढण्याचे कारखाने वाढले. त्यांच्या उरलेल्या चोथ्याचं वाळवलेलं खाद्य, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, सोयापेंडीच्या मुकाबल्याला स्वस्तात उभं राहिलं. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात भाव त्याच्या खाली रेंगाळत होते. एका पिकाच्या उरलेल्या भागाने दुसऱ्या पिकाचा भाव पाडला. पर्यावरणाच्या हिशेबात दोन्ही ‘उपपदार्थांचा सदुपयोग’ या रकान्यात बसतात.

भाताचा कोंडा, तुरीची चुनी

गोंदिया-भंडाऱ्यात किंवा कोकणात साळ भरडली की वजनाचा पाचवा हिस्सा तूस निघतो आणि पाच ते आठ टक्के कोंडा. तूस म्हणजे वरचं टणक आवरण. त्यात वाळूसारखी सिलिका भरपूर, जनावराला उपयोग जवळपास शून्य. कोंडा हा तांदळावरचा पातळ थर. त्यात तेल पंधरा-वीस टक्के, शिवाय प्रथिनं. जुन्या हलरवर साळ एकाच दमात भरडली जाते. त्यात तूस आणि कोंडा एकमेकांत मिसळतात आणि चांगल्या कोंड्याची माती होते. रबरी रोल असलेल्या गिरणीत तूस आधी वेगळा पडतो आणि कोंडा स्वच्छ मिळतो. यंत्रातला एवढाच फरक, पण त्यावर शेतकऱ्याच्या घरी जाणारी वस्तू खुराक ठरते की पोट भरायचा भुसा, हे ठरतं.

कोंड्याला आणखी एक खोड आहे. भरडताना त्यातली विकरं मोकळी होतात आणि तेलाला काही तासांत खवट करू लागतात. उष्णता देऊन ती निकामी केली नाहीत, तर आठवडाभरात कोंड्याला जनावर तोंड लावत नाही. म्हणून मोठे कारखाने कोंडा ताबडतोब उचलतात, तेल काढतात आणि तेलविरहित पेंड विकतात. ही पेंड इतकी महत्त्वाची आहे की खाद्याचे भाव चढल्यावर जुलै २०२३ मध्ये केंद्राने तिच्या निर्यातीवर बंदी घातली आणि नंतर ती वेळोवेळी वाढवली. गावच्या गिरणीत मात्र कोंडा अनेकदा गिरणीवाल्याकडेच राहतो आणि भरडाईचा दर त्या हिशेबाने कमी लावलेला असतो. शेतकऱ्याला वाटतं भरडाई स्वस्त पडली. गिरणीवाल्याला ठाऊक असतं की आपला नफा कोंड्यात आहे.

तुरीचं उदाहरण आशा वाटावी असं आहे. जात्यावर डाळ करण्याचं काम बायकांचं असे. तूर भिजवायची, वाळवायची, भरडायची, पाखडायची. डाळ वर्षभराच्या डब्यात आणि कळणा-चुनी गोठ्यात. अकोला, लातूर, जळगावच्या मोठ्या डाळमिलांनी हे काम सोपं केलं. क्विंटलमागे सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ मिळते. उरलेली पंचवीस किलो टरफलं, कण्या आणि पूड मिलच्या मालकाची. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही मिनी डाळमिल’ विकसित केली, ती नेमकी या जागी उपयोगी पडते. एखादा बचत गट किंवा शेतकऱ्याचं कुटुंब हे यंत्र चालवू शकतं. भाड्याने डाळ करून दिली की चुनी ज्याची त्याला परत देता येते. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अशा उद्योगाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं.

पण अशी यंत्रं अडतात ती हंगामावर. तुरीचे तीन-चार महिने सरले की मिल बंद, हप्ता मात्र चालू. यावर उपाय म्हणजे एकाच शेडमध्ये डाळमिल, छोटी तेलघाणी, कडबाकुट्टी आणि खाद्य मिसळायचं यंत्र. तूर संपली की हरभरा, मग करडई-भुईमूग, आणि वर्षभर खुराकाची भरडणी. चुनी आणि पेंड हा अशा शेडचा शेवटचा किरकोळ धंदा समजला, तर हिशेब जुळत नाही. तोच मुख्य आधार धरला, तर जुळण्याची शक्यता आहे.

ओल, बुरशी आणि विष

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतल्यावर त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलच्या भुईमूग पेंडीत बुरशी सापडली आणि त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. शेंगपेंड, सरकी पेंड, मका, ओला राहिलेला चोथा, या सगळ्यांवर ही बुरशी वाढते. जनावराने असं खाद्य खाल्लं की विषाचा एक भाग रूप बदलून दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांतल्या ५.७ टक्के नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं. दुधात पाणी किंवा युरिया घालणाऱ्यांविरुद्ध आपण रागावतो. पण हे विष कुणी घातलेलं नसतं, ते पेंडीतून येतं. भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाप्रमाणे गाई-म्हशींच्या मिश्र खाद्यात ते किलोमागे २० मायक्रोग्रॅमच्या वर असू नये. लहान गिरणीतून सुटी विकल्या जाणाऱ्या पेंडीला असली तपासणी कोण लावणार? छोट्या प्रक्रियेची बाजू घेणाऱ्याने हा प्रश्न टाळता कामा नये.

इतरही धोके आहेत आणि गोठ्यातली माणसं ते ओळखतात. सरकीत गॉसिपॉल असतं. मोठ्या जनावराचं पोट ते बऱ्यापैकी निभावून नेतं, वासराला आणि कोंबडीला ते बाधतं. उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम अडवतं. म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी किंवा खनिज मिश्रण द्यावं. लासलगावकडे भाव पडल्यावर सडका कांदा गुरांपुढे टाकण्याचा मोह होतो. जास्त कांदा खाल्लेल्या गाईच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फुकट मिळालेलं सगळंच खाद्य नसतं.

सर्वांत अवघड माल तो, ज्यात पाणी जास्त. काजूचं बोंड बीपेक्षा कितीतरी पट वजनदार. गोव्यात त्याचा रस काढून फेणी होते आणि चोथा उरतो. सिंधुदुर्गात बहुतेक बोंडं झाडाखालीच सडतात. टोमॅटोचा, द्राक्षाचा चोथाही असाच. दोन दिवसांत आंबतो, वाहून न्यायचा तर डिझेल पाण्यावर खर्च होतं, वाळवायचा तर जळण लागतं. असा माल पाच-दहा किलोमीटरच्या आत जनावराच्या तोंडी गेला किंवा हवाबंद मुरघासात मिसळला, तरच परवडतो.

या बाबतीत नायजेरियाकडून शिकण्यासारखं आहे. जगात सर्वाधिक कसावा तिथे पिकतो. आपला उपासाचा साबुदाणा याच कंदाचा, आणि तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांत त्याचा उरलेला चोथा, ‘तिप्पी’, जनावरांच्या खाद्यात जातो. नायजेरियात कसावा सोलण्याचं काम बहुतांशी गावातल्या बायका करतात. सालीत सायनाइड तयार करणारे घटक असतात. उन्हात वाळायला दोन-तीन दिवस लागतात आणि पावसाळ्यात तेही जमत नाही. त्यामुळे सालींचे ढीग सडायचे किंवा जाळले जायचे. आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने तिथल्या सहयोगी संस्थांबरोबर एक साधी रीत बसवली. कसावा किसायच्याच यंत्रावर साली किसायच्या, दाबून पाणी काढायचं, चाळायच्या आणि वाळवायच्या. दिवसाच्या आत खाद्य तयार. तीन टन ओल्या सालींतून साधारण एक टन कोरडं खाद्य मिळतं. यंत्र तेच, माणसं तीच, जागा तीच. नवा कारखाना लागला नाही, हेच या रीतीचं मोठेपण. पण सालीला भाव आल्यावर पुढचा प्रश्न तिथेही उभा राहतोच. जी बाई आजवर फुकट साली शेळीला घालत होती, तिच्या शेळीचं काय?

आपल्याकडेही तेच. सोयाबीनचं कुटार, तुरीच्या तुराट्या, भाताचा तूस विटांच्या आकाराचं इंधन करणारे कारखाने उचलू लागले आहेत. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, ते चांगलंच. पण भूमिहीन कुटुंबाच्या शेळ्या ज्या खळ्यावरच्या उरल्यासुरल्यावर जगत होत्या, त्यांचा वाटा कुणी मोजलेला नसतो.

जमाखर्च

जगातल्या पशुधनाच्या खाद्यापैकी ८६ टक्के भाग माणसाला खाता येणारा नाही, असं अन्न व कृषी संघटनेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. त्यांच्या मोजणीत पिकांचे अवशेष १९ टक्के, पेंड ५ टक्के आणि इतर उपपदार्थ ५ टक्के होते. गाय माणसाच्या ताटातलं खाते, हा आरोप आपल्या लहान गोठ्यांना फारसा लागू होत नाही. तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. नुसत्या काड-भुशावर जगणारी गाय दूध कमी देते आणि लिटरमागे मिथेन जास्त सोडते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात आहाराचा मेळ बसवल्यावर मिथेनमध्ये दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास घट नोंदली गेली. म्हणजे पेंड-चुनी योग्य प्रमाणात मिळणं हा हवामानाचाही प्रश्न आहे. काडाचा कस वाढवायची साधी रीतही आहे. शंभर किलो काडाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, ढीग तीन आठवडे झाकून ठेवायचा आणि खाऊ घालण्याआधी वारा लागू द्यायचा.

मातीचा हिशेब याहून कमी सांगितला जातो. सरकी ढेपेत साधारण २२ टक्के प्रथिनं म्हणजे साडेतीन टक्के नत्र. दोन एकरांची सात क्विंटल ढेप गावाबाहेर गेली, की चोवीस किलोंहून अधिक नत्र गेलं. ४५ किलोंच्या युरियाच्या गोणीत २१ किलोही नत्र नसतं. ढेप गोठ्यात खाल्ली गेली तर त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश नत्र शेण-मुतातून बाहेर येतं. त्यातलं मूत्र बहुतेक गोठ्यांत वाहून जातं. ते धरायला पक्का उतार आणि एक खड्डा पुरतो. रुई आणि तेल विकण्यात मातीचं फार काही जात नाही, कारण ते हवा, पाणी आणि सूर्यप्रकाशावर बनलेले असतात. मातीचा कस सरकीच्या गरात असतो. आपण तोच गाडीत भरून पाठवतो आणि परत आणायला दोन गोण्या विकत घेतो, एक ढेपेची आणि एक युरियाची.

म्हणून या विषयावरचा माझा निवाडा असा आहे. उरलेल्या मालातून खुराक करणं आपोआप शाश्वत होत नाही. प्रक्रिया जितकी शेताजवळ, माल जितका कोरडा आणि शेणाची परतफेड जितकी पक्की, तितकी ही रीत टिकाऊ. यासाठी नवं तंत्रज्ञान फारसं नको, व्यवहाराचे नियम हवेत. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी कापूस-तूर विकताना चुनी-ढेपेचा हक्क राखून ठेवावा, किंवा सभासदाला मालाच्या प्रमाणात ती गाळपाच्या दरात परत द्यावी. दूध संघांनी गोणी उधारीवर देण्याबरोबर सभासदांकडचीच चुनी-पेंड विकत घ्यावी आणि संकलन केंद्रावर ओलावा व बुरशी तपासायची सोय ठेवावी. गावच्या भात गिरण्यांना हलर बदलायला मदत व्हावी. आणि खळ्यावरचा थोडा माल शेळीवाल्यांसाठी सोडायची जुनी रीत गावाने मोडू नये.

शहरात लाकडी घाण्याचं तेल जास्त पैसे देऊन घेणाऱ्या वाचकालाही एक विनंती. पुढच्या वेळी घाणेवाल्याला विचारा, बिया कुणाच्या आणि पेंड कुठे जाते. बिया पिकवणाऱ्याच्या गोठ्यात ती परत जात असेल, तर तुम्ही दिलेल्या जास्तीच्या पैशांचं चीज झालं.